आबांनी लिहिलेली एकच चिठ्ठी

आमचे आबा एसटीत कंडक्टर होते. गडहिंग्लज-कोल्हापूर ही त्यांची नेहमीची गाडी. मधे वर्षभर चंदगडकडची ड्युटी लागली होती, पण तिकडच्या पावसात अंगावरची खाकी चार-चार दिवस वाळेना, म्हणून अर्जावर अर्ज करून ते परत आपल्या गाडीवर आले. नव्वद सालानंतरची पाच-सहा वर्षं, मी शाळेत होतो तेव्हा, सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर कोल्हापूरला जायचो. कंडक्टरच्या पोराला हक्काची खिडकी मिळत असेल असं लोकांना वाटतं. मला ती कधीच मिळाली नाही. माझं तिकीट आबा स्वतःच्या खिशातून काढायचे आणि गाडी भरली की सगळ्यांच्या आधी मलाच उठवायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. राग येणं ही माझी जुनी खोड आहे आणि पुढं जे घडलं त्यात तिचा मोठा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आबांच्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात नेहमी दोन-तीन चिठ्ठ्या असायच्या. गडहिंग्लजच्या लहान कापड दुकानदारांचा माल कोल्हापुरातून यायचा. दर वेळी दुकान बंद करून कोण जाणार? मग ते चिठ्ठी लिहायचे. 'पत्र आणणारास अमुक इतक्या साड्या, अमुक इतकी धोतरं द्यावीत', खाली सही, बस्स. कोल्हापुरात गाडी परत सुटायला तासभर असायचा. तेवढ्यात आबा पेठेत जाऊन चिठ्ठी द्यायचे, गठ्ठा हमालाकडून टपावर चढवायचे आणि सामानाचं तिकीट न चुकता फाडायचे. कोल्हापूरच्या दुकानदारानं गडहिंग्लजच्या दुकानदाराचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलेलं नसायचं. सही ओळखीची आणि आणणारा ओळखीचा, एवढ्यावर माल सुटायचा.

पुढं महिन्याभरानं पैसेही आबांच्याच हातून बंद पाकिटात यायचे. पैसे पोचले की कोल्हापूरचा दुकानदार गल्ल्यातून ती चिठ्ठी काढून आणणाऱ्याच्या समोर फाडायचा. समोरच फाडायची, हा दंडक होता. संध्याकाळी आबा गडहिंग्लजला उतरले की तिकडचा दुकानदार एवढंच विचारायचा.

"फाडली काय?"

"फाडली."

"समोर?"

"समोर."

मग तो चहा सांगायचा. या सगळ्यात आबांना चहा आणि दिवाळीला एखादं शर्टपीस याच्यापलीकडं काही मिळत नव्हतं. मला ते बावळटपणाचं वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

एका वर्षी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर घरात पैशांची ओढाताण होती. माझा आणि धाकट्या बहिणीचा गणवेश व्हायचा होता. आई म्हणाली, "एवढ्या लोकांच्या चिठ्ठ्या न्हेता, एक आपली लिवा की. तेवढा गणवेश घिऊन या." आबा नाही म्हणाले. आम्ही दोघं पगार होईपर्यंत जुन्याच कपड्यांत शाळेत गेलो. मी फुगून बसलो होतो, तेव्हा आबांनी मला जवळ बोलावून एक गोष्ट सांगितली, ती परत कधी सांगितली नाही. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हा आबा लहान होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पेठेतल्या ज्या मोठ्या दुकानात ते चिठ्ठी घेऊन जायचे, तिथं त्यांना पायरीखालीच उभं राहावं लागायचं. पाणी मागितलं तर पेला वेगळा यायचा. त्याच वेळी त्यांच्या हातातल्या कागदावर पाच-पाच गठ्ठे माल मात्र बिनबोभाट सुटायचा.

"त्यो कागद वरच्या नावाचा हुता," आबा म्हणाले. "आपलं नाव कधी कागदावर न्हवतं. आपुन न्हेणारी माणसं. आपल्या नावानं चिठ्ठी लिवली आणि त्यांनी 'न्हाय' म्हटलं, तर मग परत त्या पायरीवर जायाचं कसं?"

पुढं दिवस बदलले. दुकानात मालकाचा मुलगा बसू लागला. तो आबांच्याच वयाचा, त्यानं त्यांना वर बोलावून गादीवर बसवलं, पेलाही सगळ्यांचाच आला. पण आबांनी स्वतःच्या नावाची चिठ्ठी तेव्हाही लिहिली नाही.

त्याच दुकानात मी पहिल्यांदा कार्ड बघितलं. मुंबईकडचं कोणी कुटुंब देवदर्शनाला आलेलं, त्यांनी साड्या घेतल्या आणि बाईंनी पर्समधून एक प्लास्टिकची पट्टी काढून दिली. दुकानात नवीनच एक लोखंडी पाट आला होता. कॅशियरनं त्यावर पट्टी ठेवली, वर तीन पदरी कागद ठेवला आणि मूठ धरून सरकवली. खर्रकन आवाज झाला आणि पट्टीवरची उठावाची अक्षरं कागदावर उमटली. मग त्यानं बारीक आकड्यांनी भरलेली एक पुस्तिका काढून त्यात हा नंबर बाद झालेल्यांत तर नाही ना ते पाहिलं, आणि बिल मोठं होतं म्हणून बँकेला फोन लावून मंजुरीही विचारली. आबा चिठ्ठी हातात धरून हे सगळं टक लावून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चिठ्ठीच की ही. लिवणारा एक, माल देणारा दुसरा, मधी न्हेणारा तिसरा."

"न्हेणारा कुठं दिसला?" मी विचारलं.

"न्हेणारा दिसत नसतोय," आबा म्हणाले आणि गाडी सुटायची वेळ झाली म्हणून झपाझप चालू लागले.

मी शिकलो, पुण्याला एका कारखान्याच्या खरेदी विभागात लागलो, आणि दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी माझ्याही खिशात कार्ड आलं. साधं नव्हे, चार्ज कार्ड. क्रेडिट कार्डाचं बिल थोडं थोडं फेडता येतं, याचं दर महिन्याला सगळंच्या सगळं भरावं लागायचं. पण त्याच्या खर्चाला आधीच ठरवून दिलेली मर्यादा नव्हती आणि ते मिळायला पगार बरा लागायचा. पुढच्या बाजूवर परदेशी कंपनीचं ठळक नाव आणि चित्र होतं. हॉटेलात बिल द्यायची वेळ आली की मी ते टेबलावर अगदी सावकाश ठेवायचो, नेहमी नाव वर करून. मित्र चिडवायचे, "अरे, दिसलं आम्हाला, ठेव आता खिशात." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

बहिणीचं लग्न ठरलं ते याच सुमारास. मुलगा गारगोटीचा, माणसं चांगली. आमच्याकडं लग्नाचा बस्ता म्हणजे अर्धं लग्नच. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं मिळून दुकानात जातात, दिवसभर गादीवर बसून नवरा-नवरीपासून आत्या-मावश्यांपर्यंत सगळ्यांचे कपडे निवडतात, आणि शेवटी बिल कोण देतं याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. ठरल्याप्रमाणं निम्मं-निम्मं होतं. पण बैठकीत मुलाचे चुलते म्हणाले की तुमच्याकडून जेवढं झेपंल तेवढं करा, आणि माझं डोकं फिरलं. "सगळा बस्ता आमच्याकडून," मी जाहीर केलं. आबांनी माझ्याकडं फक्त पाहिलं.

ते तेव्हा निवृत्त झाले होते. बस्त्याच्या दिवशी सकाळी त्यांनी फंडाच्या पैशातली रक्कम कापडी पिशवीत घातली आणि पिशवी काखेत धरून निघाले. मी दारातच अडवलं.

"ती पिशवी घरी ठेवा, आबा. कार्ड आहे माझ्याकडं. लोकांसमोर नोटा काय मोजत बसायच्या? बरं दिसत नाही ते."

"असू दे की संगती," आबा म्हणाले.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

आबांनी पिशवी परत ट्रंकेत ठेवली.

दुकान तेच, पेठेतलं. आता काचेचं दार आलं होतं, लोखंडी पाट जाऊन टेलिफोनच्या तारेला जोडलेलं कार्ड घासायचं यंत्र आलं होतं, आणि दारावर दोन मोठ्या कार्डांचे स्टिकर होते. ज्यांनी आबांना गादीवर बसवलं होतं ते आता थोरले मालक झाले होते. गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसायचा, तो आबांना ओळखत नव्हता. सकाळपासून दुपारपर्यंत साड्यांचा ढीग पडला. बहिणीनं लग्नात नेसायला जरीच्या बारीक काठाची पांढरी साडी निवडली. मुलाच्या आईनं ती तिच्या खांद्यावर टाकून बघितली आणि म्हणाली, "झाक दिसतीया." माझ्या बहिणीचा चेहरा मी इतका आनंदलेला क्वचितच पाहिला असेल. मग बिल आलं.

मी उठलो, कार्ड काढलं, नाव वर करून ठेवलं.

कॅशियरनं ते उचललं, दाराकडं पाहिलं, परत कार्डाकडं पाहिलं. "ह्ये आमच्यात चालत न्हाय, साहेब. दारावर दोन हायत बघा, त्यातलं ह्ये न्हवं."

"हे त्या दोन्हींपेक्षा मोठं आहे," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"असंल की. पर बँकवाल्यांनी सांगितलंय, नाव बघूनच घ्यायचं. घासलं आणि पैसं न्हाय आलं तर मालक माझ्या पगारातनं कापत्यात."

गल्ल्यावरच्या पोरानंही मान हलवली. मी कार्ड खेचून घेतलं. खात्यात तेवढे पैसे नव्हते, ठेव महिनाअखेरीस सुटणार होती, तिच्या भरवशावरच मी उडी मारली होती. मागं गादीवरचे सगळे माझ्याकडं बघत होते. मुलाचे चुलते हसत म्हणाले, "पावणं, प्लास्टिकवर कापड मिळत असतं तर आमीबी दुधाच्या पिशव्या आणल्या असत्या की." बोलण्यात वाईट हेतू नसावा, कोल्हापुरी माणूस गप्प बसू शकत नाही एवढंच. पण चार-पाच जण हसले. मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडनं भागवूया का?" ते ऐकून बहिणीनं खांद्यावरची साडी काढून घडी घालायला घेतली. मी दाराकडं तोंड करून उभा राहिलो. कुणाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

आबांचा आवाज मागून आला. "थोरलं मालक हायत काय?"

थोरले मालक वरच्या मजल्यावर होते, गुडघ्यांमुळं फारसे उतरत नसत. ते कठड्याला धरून आले आणि जिन्यावरूनच ओरडले, "आरं, कंडक्टर! पोरीचा बस्ता व्हय? मग उचला की माल. पैसं कुठं पळून चालल्यात?"

"न्हाय," आबा म्हणाले. "चिठ्ठीबिगर मी कुणाचा माल गाडीत चढू दिला न्हाय. माझाबी चढायचा न्हाय."

मी मागं वळलो नाही. आबांनी बिलबुकातला कागद मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, एवढं मला काचेत दिसलं. ज्या माणसानं आम्हाला जुन्या गणवेशात शाळेत धाडलं, पण स्वतःच्या नावाचा कागद त्या पायरीवर नेला नाही, तो माझ्यापायी तिथं लिहीत होता. थोरल्या मालकांनी वाचलं, गल्ल्यात ठेवलं, आणि गठ्ठे बांधायला सांगितले.

परतीच्या एसटीत मी बहिणीशेजारी बसलो होतो. आबा पुढच्या बाकावर, बाहेर बघत. बहीण म्हणाली, "दादा, कार्ड बघू." मी वैतागून तिच्या हातात आपटलं. तिनं उलटं करून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो खालचा बारका शिक्का दारावर हुता की रे. डावीकडच्या स्टिकरवर. बिल आडल्यापास्नं मी त्याच्याकडंच बघत बसलेली, दुसरीकडं कुठं बघू?"

मी कार्ड घेतलं. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, नखाएवढी खूण होती. दारावरच्या दोनांपैकी एकीची, अगदी तीच.

घरी कार्डाबरोबर आलेली पुस्तिका होती, महिनोन्‌महिने न उघडलेली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कार्डाच्या कंपनीचं स्वतःचं जाळं मोठ्या शहरांपुरतं, मोठ्या हॉटेलांपुरतं होतं. लहान गावांतल्या दुकानांशी करार करत हिंडणं तिला परवडत नव्हतं. म्हणून तिनं ज्यांचं जाळं गावोगाव पोचलं होतं अशा दुसऱ्या कंपनीशी करार केला होता. पुढं नाव आपलं, मागं खूण त्यांची. दुकानातलं यंत्र तिसऱ्याच बँकेचं. तिथं कार्ड घासलं की निरोप त्या खुणेच्या जाळ्यावरून कार्ड देणाऱ्याकडं जातो, तो 'होय' म्हणाला की त्याच वाटेनं परत येतो, आणि पैसे मागाहून पोचतात. दुकानदारानं कार्ड देणाऱ्याला ओळखायची गरजच नाही. मधल्याला ओळखलं म्हणजे पुरे. हे सगळं मला आठवीत असताना पेठेतल्या रस्त्यावर एका कंडक्टरनं सांगितलं होतं. मी मात्र ते कार्ड वर्षभर नाव वर करून मिरवलं आणि मागं काय आहे ते एकदाही पाहिलं नाही. कॅशियरनंही पाहिलं नाही, पण त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच्यासमोर मी ठेवलंच तसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीला निघालो. आबांनी ट्रंकेतून कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "घासून न्हाय झालं तर ह्ये असू दे संगती." या वेळी मी गुपचूप घेतली.

दुकानात नुकतीच झाडलोट झाली होती. थोरले मालक त्या दिवशी स्वतः खाली बसले होते. मी कार्ड उलटं करून कॅशियरसमोर ठेवलं आणि खुणेवर बोट ठेवलं. त्यानं डोळे बारीक केले, उठून दारावरचा स्टिकर बघून आला. "आयला, व्हय की," म्हणाला आणि मालकांकडं पाहिलं. मालकांनी मान डोलावली. त्यानं कार्ड घासलं. यंत्रानं फोनची लाईन पकडली, किरकिर केली, थांबलं. मी पिशवीचे बंद घट्ट धरले होते. मग कागद सरकत बाहेर आला आणि मी सही केली.

थोरल्या मालकांनी गल्ल्यातून चिठ्ठी काढली.

"जरा बघू का?" मी विचारलं.

त्यांनी दिली. आबांचं अक्षर, तिकिटाच्या हिशेबात उतरून उतरून बारीक झालेलं. 'लग्नाच्या बस्त्याचा माल द्यावा. रक्कम माझा मुलगा देईल. त्याचे कार्ड खरे आहे, आज गाडी चुकली इतकेच. मी त्यास ओळखतो.' खाली सही, आणि सहीपुढं, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी, बिल्ला नंबर.

मला तिथंच रडू आलं. आदल्या दिवशी मी पाठ करून उभा होतो ते आबांनी खाली मान घालून उधार मागितलं असं समजून. ते तर माझ्यासाठी जामीन राहिले होते. ज्याला मी सकाळी पिशवी घरी ठेवायला लावलं, विश्वास नाही का म्हणून टोचून विचारलं, त्यानं आयुष्यात एकदाच स्वतःचं नाव कागदावर घातलं, ते माझं कार्ड खरं आहे हे सांगायला.

"ही मला द्या," मी मालकांना म्हणालो. "ठेवतो जपून."

"आसं न्हाय करायचं, बाळ." त्यांनी चिठ्ठी माझ्या हातून हळूच काढून घेतली. "फाडलीच पाहिजे. न्हाय फाडली तर तुझ्या आबांच्या नावावर राहतीया."

त्यांनी ती माझ्यासमोर फाडली. आधी उभी, मग आडवी. मी तुकड्यांकडं बघत राहिलो.

दुपारी घरी पोचलो तेव्हा आबा पुढच्या सोप्यात बसून लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घालत होते. मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. ती उघडून न बघता त्यांनी बाजूला सारली. हातातली पत्रिका पुरी केली, पेनाचं टोपण लावलं.

"फाडली काय?"

"फाडली."

"समोर?"

"समोर," मी म्हणालो.

आबांनी आत तोंड करून आईला चहा टाकायला सांगितला.